रेव्हरंड नारायण वामन टिळक : पाळकपद आणि त्यापुढे



आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात नारायण वामन टिळकांचे नाव तुम्ही केशवसुतांच्या समकालीनांमध्ये वाचले आहे. ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. ‘फुलामुलांचे कवी’ ही त्यांची ओळख तर इतकी रूढ आहे की परीक्षेत एका वाक्यात उत्तर लिहिताना तेवढीच लिहून विद्यार्थी मोकळे होतात. या घटकात मात्र आपण त्यांच्या नावाआधी येणाऱ्या ‘रेव्हरंड’ या उपाधीकडे वळणार आहोत. ती जन्माने मिळालेली नव्हती आणि धर्मांतरानेही मिळालेली नव्हती. १९०४ मध्ये, वयाच्या ४२-४३ व्या वर्षी, पाळकपदाची दीक्षा घेतल्यावर ती त्यांच्या नावाला जोडली गेली. हे पद त्यांनी का स्वीकारले, मराठी भाषेच्या अंगाने ते कसे निभावले आणि १९१७ मध्ये त्या पदाला जोडलेली पगारी चाकरी का सोडली, हे समजून घेतले म्हणजे त्यांच्या कवितेचाही बराचसा उलगडा होतो.

संपर्क सत्रांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. लोकमान्य टिळक आणि रेव्हरंड टिळक या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत. दोघांचेही मूळ रत्नागिरी जिल्ह्यात आहे, दोघे एकाच काळात वावरले आणि दोघांनीही वृत्तपत्राची संपादकीये लिहिली. उत्तरपत्रिकेत नुसते ‘टिळक’ लिहिण्याची सवय त्यामुळे महागात पडते.

जीवनकथेकडे जाण्यापूर्वी काही शब्दांची ओळख करून घेऊ. ख्रिस्ती धर्मोपदेशकासाठी मराठीत सर्वांत आधी रुजलेला शब्द ‘पाद्री’ हा होय. तो पोर्तुगीजांबरोबर गोवा आणि वसईच्या किनाऱ्यावर आला आणि पुढे सर्वच धर्मोपदेशकांना लावला जाऊ लागला. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी मराठीत जी परिभाषा घडवली, तिच्यात ‘पाळक’ हा शब्द आला. ‘पालक’ आणि ‘पाळक’ हे दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूपासून आलेले आहेत. पहिल्याने आईवडिलांकडे मोर्चा वळवला, दुसरा मेंढपाळाच्या अर्थाजवळ राहिला. कळप सांभाळणारा मेंढपाळ ही बायबलमधील मूळ प्रतिमा होती आणि नगर जिल्ह्याच्या माळरानावर ती कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती. चर्चमधील श्रद्धावंतांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हटले गेले. आपल्या बोलण्यात ‘घरची मंडळी’, ‘पाहुणे मंडळी’ असे शब्दप्रयोग सहज येतात. तोच शब्द येथे पारिभाषिक झाला. म्हणजे टिळक ज्या पदावर आले ते ‘मंडळीचा पाळक’ हे पद शब्दांपुरते तरी पूर्ण मराठी होते. प्रत्यक्षात ते कितपत मराठी होते, हा प्रश्न टिळकांना अखेरपर्यंत छळत राहिला.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने तापट होते. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असणाऱ्या. आईचे निधन टिळकांच्या बालपणीच झाले आणि त्यानंतर घराशी त्यांचे नाते जवळजवळ तुटले. नाशिकला येऊन त्यांनी गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शिक्षण थोडेफार झाले, पण पदवीपर्यंत गेले नाही. १८८० मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक त्या ह्याच.

यापुढची सुमारे १३ वर्षे भटकंतीची आहेत. शिक्षकाची नोकरी धरावी, काही महिन्यांनी सोडावी, कीर्तन-प्रवचने करावीत, कविता लिहाव्यात, कोणा विद्वानाच्या सहवासात रमावे आणि एके दिवशी घरच्यांना न सांगता निघून जावे, असा हा क्रम होता. लक्ष्मीबाईंच्या आठवणींत या काळाचे जे चित्र आहे ते विनोदी ढंगाने रंगवलेले असले तरी त्यामागचा त्रास वाचकापासून लपत नाही. नागपूरला अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने त्यांना वैदिक वाङ्मयाच्या कामाची संधी मिळाली. तेथून पुढे राजनांदगाव संस्थानात जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची भेट झाली. त्याने संस्कृत काव्याविषयी आदराने गप्पा मारल्या, उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत हास्यास्पद वाटले. पण पुस्तक त्यांनी वाचले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून परत फिरले नाहीत.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो आपल्याच देशातील पाळकाच्या हातून व्हावा, गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नव्हे, असा त्यांचा आग्रह होता आणि तसेच झाले. पुढील २४ वर्षांची दिशा या आग्रहातच दिसते.

या पावलाची किंमत सर्वांत जास्त कोणी दिली, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. लक्ष्मीबाई तेव्हा पंचविशीच्या आसपासच्या होत्या आणि मुलगा दत्तू म्हणजे देवदत्त तीन-चार वर्षांचा होता. त्यांना न सांगता टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बातमी आली तेव्हा माहेरच्या आणि सासरच्या माणसांच्या दृष्टीने त्या नवरा जिवंत असूनही नवऱ्याविना झाल्या. सुमारे साडेचार-पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपले सोवळेओवळे सांभाळत, स्वतःशी आणि नवऱ्याशी वाद घालत त्यांनी आपला निर्णय आपल्या गतीने घेतला. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये झाला.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला आले. हे गाव अमेरिकन मराठी मिशनचे महत्त्वाचे केंद्र होते. मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले, १८३१ पासून नगरला ठाणे होते आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरलाच निघाले. पाळक आणि उपदेशक तयार करणारी सेमिनरीही तेथे होती आणि डॉ. ह्यूम हे ज्येष्ठ मिशनरी तिची धुरा वाहत होते. टिळक या सेमिनरीत शिकवू लागले. संस्कृतचा व्यासंग आणि संतवाङ्मयाचे पाठांतर असा दुहेरी ठेवा असलेला शिक्षक मिळणे सेमिनरीच्या भाग्याचे होते. टिळकांनाही, आयुष्यात प्रथमच, एका गावी स्थिरावण्याजोगे काम मिळाले.

आता १९०४ मधील दीक्षेकडे येऊ. अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथात बिशप नसतो. प्रत्येक मंडळी आपापल्या कारभारात स्वतंत्र असते आणि आपला पाळक स्वतः निवडते. शेजारच्या मंडळ्यांचे पाळक व प्रतिनिधी जमतात, उमेदवाराला त्याच्या श्रद्धेविषयी आणि अभ्यासाविषयी प्रश्न विचारतात, आणि समाधान झाल्यावर प्रार्थनापूर्वक त्याच्या मस्तकावर हात ठेवून त्याला सेवेसाठी वेगळे काढतात. या विधीला मराठी ख्रिस्ती परिभाषेत हस्तार्पण म्हणतात. दीक्षित पाळकाने प्रवचन करावे, बाप्तिस्मा द्यावा, प्रभुभोजनाचा विधी चालवावा, लग्ने लावावीत, मृतांना निरोप द्यावा आणि या सर्वांइतकेच महत्त्वाचे म्हणजे घरोघरी जाऊन माणसांची विचारपूस करावी, अशी अपेक्षा असते. घटकाच्या सुरुवातीला पाहिलेला ‘पाळक’ शब्दाचा अर्थ या शेवटच्या कामात आहे.

तत्त्वतः ही व्यवस्था लोकशाहीची होती. व्यवहारात एक अडचण होती आणि तीच या जीवनकथेच्या मुळाशी आहे. नगर परिसरातील मंडळ्या गरीब होत्या. पाळकाचा पगार पूर्णपणे उचलण्याची त्यांची ऐपत नव्हती. मिशनचा खर्च अमेरिकेतील बोस्टन येथे मुख्यालय असलेल्या परदेशी मिशन मंडळाकडून येई. त्यामुळे मंडळीने निवडलेला पाळक प्रत्यक्षात मिशनचा नोकर ठरे. तो लोकांच्या दृष्टीने साहेबाच्या पदरचा माणूस असे आणि त्याच्या स्वतःच्या दृष्टीनेही कधीकधी तसाच असे. मिशनरी भले होते, त्यांच्याशी टिळकांचे स्नेहसंबंध होते, ह्यूम यांच्याविषयी तर त्यांना मनापासून आदर होता. तरीही ज्याच्या भाकरीवर सेवक जगतो त्याच्याकडेच सेवकाचे तोंड वळते, हे टिळकांना दिसत होते. आपल्याकडील संतपरंपरेत उपदेश करणारा वेतन घेत नाही. तुकोबांचे अभंग पाठ असलेल्या माणसाला ‘पगारी पाळक’ हा शब्दप्रयोग कानाला खटकणे स्वाभाविक होते.

तरी त्यांनी पद स्वीकारले. ते का स्वीकारले असावे? माझ्या मते याचे उत्तर कोणत्याही सिद्धान्तापेक्षा नगर आणि राहुरी परिसरातील माणसांत शोधावे. तेथील मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार व मांग समाजांतून आलेली होती. गावकुसाबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेली, १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने होरपळलेली ही माणसे. चित्पावन घरातला, संस्कृत पंडित म्हणून नावाजलेला गृहस्थ त्यांच्या झोपडीत जाऊन जेवतो, त्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन बाप्तिस्मा देतो, त्यांच्या हातून पाणी घेतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. सेमिनरीत शिकवणारा पंडित राहून हे नाते जुळले नसते. पाळक मात्र घरात शिरतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत ब्राह्मणाने बसणे म्हणजे काय, हे पाहणाऱ्यांना प्रवचनाविनाही कळत होते. टिळक कुटुंब काही काळ राहुरीला राहिले. तेथील आठवणी ‘स्मृतिचित्रे’त वाचताना लक्ष्मीबाईंच्या मनातील जातीची गाठ एका फटक्यात सुटली नाही, धागा धागा करत उसवली, हे दिसेल. पाळकाच्या पत्नीला कोणी दीक्षा देत नाही, पण काम तिच्याही वाट्याला येते. अनाथ मुले, आजारी माणसे आणि टिळकांनी कुठूनही घरी आणलेले पाहुणे यांना जेवू कोण घालत होते, हे विचारण्याची गरज नाही. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टिळक मोकळे होत आणि महिन्याचा मेळ लक्ष्मीबाईंना घालावा लागे.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला टिळकांच्या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो उपासनेच्या भाषेचा, म्हणून तेथे थोडे अधिक रेंगाळू.

टिळकांच्या आधी मराठी चर्चमध्ये जी गीते गायली जात, त्यांतील बरीचशी इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि ती इंग्रजी चालींवर गायली जात. यात नेमकी अडचण कोणती, हे तुम्हाला घरबसल्या अनुभवता येईल. तुम्हाला पाठ असलेला कोणताही अभंग वाढदिवसाच्या प्रसिद्ध इंग्रजी गाण्याच्या चालीवर म्हणून पाहा. दीर्घ अक्षर घाईने उरकावे लागते, ऱ्हस्व अक्षर उगाच लांबते आणि शब्द भलत्याच जागी तुटतो. इंग्रजी गीताची लय अक्षरांवरील आघातावर उभी असते. मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर किंवा मात्रांच्या हिशेबावर चालते. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरांची चार चरणांत मांडणी असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते. ही रचना मराठी माणसाच्या कानात लहानपणापासून भिनलेली असते, मग तो अक्षरओळख नसलेला का असेना. चालीची ही ओढाताण आणि जोडीला इंग्रजी वाक्याच्या सांगाड्यावर बेतलेली, ‘मिशनरी मराठी’ म्हणून ओळखली जाणारी गद्यशैली. अशा भाषेत प्रार्थना करणारा मनुष्य देवाशी बोलताना थोडा परका होऊन बोलत असे.

हे चित्र टिळकांनी एकट्याने बदलले असे म्हणणे अन्यायाचे होईल. नगर भागात कृष्णा रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आधीच रुजवली होती. बायबलमधील कथा आख्यान म्हणून घ्यायची, साक्या-दिंड्यांतून ती रंगवायची, टाळ-मृदंगाची साथ घ्यायची, हा प्रयोग लोकांना परिचित होता. टिळकांचे वेगळेपण असे की त्यांच्याजवळ अस्सल कवीची प्रतिभा होती आणि वारकरी संतांच्या भाषेशी त्यांचे नाते शिकून घेतलेले नव्हते, जन्मजात होते. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे ते सांगत असत. हा सेतू पार केल्यावर त्यांनी तो मोडला नाही. ख्रिस्ताला त्यांनी गुरू म्हटले, माउली म्हटले, स्वामी म्हटले. ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारणे इंग्रजी गीतपरंपरेच्या दृष्टीने वेगळेच होते. पण विठ्ठलाला विठाई म्हणणाऱ्या भाषेला त्यात काहीच अवघड वाटले नाही. त्यांनी लिहिलेली गीते आणि अभंग मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा कणा झाले. आजही रविवारी सकाळी नगर, सोलापूर, पुणे किंवा मुंबई येथील मराठी चर्चजवळून गेलात तर त्यांचे शब्द कानावर पडण्याची पुष्कळ शक्यता आहे. गाणाऱ्यांपैकी अनेकांना कवीचे नाव ठाऊक नसेल. लोकगीतांच्या बाबतीतही असेच होते.

त्यांचे घर नगरमधील तरुण कवींचे आश्रयस्थान होते, हेही ओझरते सांगायला हवे. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाची कविता गाजली, त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले आणि पुढे काही काळ तो टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याचे लाड केले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि तसे व्हावे म्हणून त्या घरात त्यांना कोणी अडवले नाही.

१९१२ मध्ये टिळकांवर आणखी एक जबाबदारी आली. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे ते संपादक झाले आणि मृत्यूपर्यंत राहिले. ‘ज्ञानोदय’ हे मिशनरी नियतकालिक असले तरी तोपर्यंत त्याला सत्तर वर्षांची परंपरा होती. टिळकांनी त्यात धर्मचर्चेबरोबर देशाविषयी, जातिभेदाविषयी, भाषेविषयी लिहिले. ख्रिस्ती झालेला मनुष्य देशाला परका होतो, हा त्या काळातील आरोप त्यांना फार झोंबत असे. ‘प्रियकर हिंदिस्तान’सारखी कविता लिहिणाऱ्याला तो झोंबणारच. पण आरोपाचे एक मूळ त्यांना स्वतःलाच मान्य होते. हिंदी मंडळीचा पाळक परदेशातून आलेल्या पैशावर जगत असेल, तर लोकांनी तिला परकी म्हणण्यात संपूर्ण चूक लोकांची कशी?

साठीकडे झुकताना माणसे सामान्यतः निवृत्तिवेतनाचा विचार करतात. टिळकांनी १९१७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, अमेरिकन मराठी मिशनच्या चाकरीचा राजीनामा दिला. यापुढे कोणाचाही पगार घ्यायचा नाही, ख्रिस्ताचा संन्यासी म्हणून राहायचे, असे त्यांनी ठरवले. त्यांनी साताऱ्याला मुक्काम हलवला आणि ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ उभारायला घेतला. दरबाराची कल्पना त्या काळच्या चर्चला पचनी पडणे कठीण होते. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही तिच्यात यावा, त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. म्हणजे मंडळीच्या दारातील उंबरठा त्यांनी काढून टाकला. ज्या विधीसाठी त्यांनी स्वतः २२ वर्षांपूर्वी संसार पणाला लावला, तोच विधी इतरांसाठी प्रवेशाची अट राहू नये असे त्यांना वाटू लागले होते. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे काही अभ्यासक म्हणतील. मला ती तशी वाटत नाही. बाप्तिस्म्याची किंमत किती असते हे त्यांनी आपल्या घरात पाहिले होते. ती सर्वांनी द्यावी असा हट्ट धरणे त्यांना जड गेले असावे.

या निर्णयात एक गोष्ट मात्र मनाला टोचते. १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंना न विचारता एक उडी घेतली गेली, आणि १९१७ मध्ये पुन्हा संन्यासाची भाषा सुरू झाली. पगार नाही म्हणजे घर कसे चालणार, हा प्रश्न संन्याशाला पडत नसला तरी संन्याशाच्या पत्नीला पडतो. ‘स्मृतिचित्रे’तील या काळाची पाने तुम्ही स्वतः वाचावीत. टिळकांवरील अपार प्रेम आणि त्यांच्या अव्यवहारीपणाचा जाच या दोन्ही गोष्टी लक्ष्मीबाई एकाच वाक्यात, हसत हसत मांडू शकतात. चरित्रकार टिळकांची उंची मोजतात. लक्ष्मीबाईंच्या लेखनात त्या उंचीची सावली कोणावर पडत होती हेही कळते. दोन्ही वाचल्याशिवाय या विषयावर लिहू नये, असा माझा सल्ला आहे.

देवाच्या दरबाराला फार काळ मिळाला नाही. टिळकांची प्रकृती ढासळत गेली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत जे. जे. रुग्णालयात त्यांचे निधन झाले, राजीनाम्यानंतर जेमतेम दीड-पावणेदोन वर्षांनी. दरबार त्यांच्या व्यक्तिमत्त्वाभोवती उभा होता, त्यांच्यामागे तो टिकला नाही. हातात घेतलेले एक मोठे काव्यही अपुरे राहिले. ख्रिस्ताचे चरित्र ओवीसारख्या देशी रचनेत गाणारे ‘ख्रिस्तायन’ त्यांनी लिहायला घेतले होते आणि सुरुवातीचे अध्याय तेवढे झाले होते.

ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लग्न झाले तेव्हा ज्यांना नीट अक्षरओळखही नव्हती, त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात उरलेले बहुतेक सर्व अध्याय लिहून काढले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. ‘ख्रिस्तायन’ वाचताना कोणता अध्याय टिळकांचा आणि कोणता लक्ष्मीबाईंचा, हे आधी माहीत करून न घेता नुसत्या शब्दांच्या निवडीवरून ओळखता येते का, ते पाहा. तुमची निरीक्षणे वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या संपर्क सत्राला येताना ती वही बरोबर आणा. पुढील घटकात आपल्याला ‘स्मृतिचित्रे’ अभ्यासायचे आहे, तेथे तिचा उपयोग होईल.